टेप इकोची मोटर: वेग बदलणं सोपं, धरून ठेवणं अवघड

टेपवर चालणाऱ्या इकोचं तत्त्व अगदी साधं आहे. एक हेड आवाज टेपवर लिहितं. थोडं पुढे बसवलेलं दुसरं हेड तोच आवाज वाचतं. मधलं अंतर कापायला टेपला जितका वेळ लागतो, तितक्या उशिरानं आवाज परत येतो. वाचलेल्या आवाजाचा थोडा भाग पुन्हा लिहिणाऱ्या हेडकडे वळवला की एकामागून एक पडसाद मिळतात, आणि प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा जरा मऊ असतो. टेपची दोन टोकं जोडून तिचं कडं केलेलं असतं, ते गोल फिरत राहतं, आणि पुढच्या फेरीआधी इरेज हेड टेप पुसून कोरी करतं.

उशीर काढायचा तर अंतर भागिले वेग. फिलिप्सनं १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटचा प्रमाण वेग सेकंदाला ४.७६ सेंमी. दोन हेडांमध्ये ३ सेंमी अंतर असेल तर उशीर ०.६३ सेकंद. वेग दुप्पट केला तर ०.३२, निम्मा केला तर १.२६.

म्हणजे उशीर बदलायचे मार्ग दोनच: हेड सरकवा, नाहीतर टेपचा वेग बदला. अमेरिकेतल्या इकोप्लेक्समध्ये मोटर एकाच वेगानं फिरायची आणि हेड रुळावर पुढेमागे सरकायचं. जपानच्या रोलँड कंपनीनं १९७४ मध्ये आणलेल्या आरई-२०१ 'स्पेस इको'मध्ये वाचणारी तीन हेडं जागच्या जागी होती, आणि नॉब फिरवला की मोटरचा वेग बदलायचा. घरी इको बनवणारे बहुतेक जण दुसऱ्या मार्गानं जातात. सरकणारं हेड टेपला नेमकं काटकोनात ठेवणं हे चांगल्या लेथवाल्याचं काम आहे. मोटरचा वेग बदलणं त्यामानानं दोन वायरींचं काम वाटतं.

वेग बदलायला खरोखरच दोन वायरी पुरतात. बदललेला वेग जागेवर टिकवायला मात्र पुरत नाहीत, आणि इको चांगला की वाईट हे तिथेच ठरतं.

नॉब फिरवल्यावर सूर का ढळतो

हेड सरकवलं तर ते सरकत असतं तेवढ्यापुरताच सूर वरखाली होतो, थांबलं की नवा आवाज पुन्हा मूळ पट्टीत येतो. मोटरचा वेग बदलला तर गोष्ट वेगळी. जुन्या वेगानं लिहिलेला आवाज नव्या वेगानं वाचला जातो, म्हणून त्याची पट्टी बदलते. वेग दुप्पट झाला तर आवाज एक सप्तक वर जातो. हाच चढलेला आवाज नव्या वेगानं पुन्हा टेपवर लिहिला जातो आणि नव्याच वेगानं वाचला जातो, त्यामुळे पुढच्या सगळ्या पडसादांत तो चढलेलाच राहतो. नॉब सावकाश फिरवला तर पडसादांतून सरळ मींड ऐकू येते. टेप इकोची ही खरी गोडी आहे आणि तिच्यासाठीच लोक आजही हा खटाटोप करतात.

पण नॉबला हात न लावताही सूर ढळत असेल, तर तो दोष. हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये सुमारे ६ टक्क्यांचं अंतर असतं. टेपचा वेग ६ टक्के घसरला तर 'सा'ची जागा त्याच्या खालचा शुद्ध 'नी' घेतो. १ टक्का घसरला तरी लांबवलेल्या सुरावर कान टवकारतात. हळू डुलण्याला वॉव म्हणतात, भरभर थरथरण्याला फ्लटर, आणि सेकंदाला चारेक वेळा होणारं डुलणं कानाला सगळ्यात जास्त खटकतं.

मोटर लोडखाली का दमते

टेपरेकॉर्डरमधली छोटी डीसी मोटर फिरू लागली की ती स्वतःही जनरेटरसारखं व्होल्टेज तयार करते, आणि हे व्होल्टेज आपण दिलेल्या व्होल्टेजच्या उलट दिशेनं असतं. मोटर जितकी वेगात, तितकं ते जास्त. आपण दिलेल्या व्होल्टेजमधला काही भाग तांब्याच्या गुंडाळीच्या रेझिस्टन्समध्ये खर्च होतो, उरलेला या उलट्या व्होल्टेजची बरोबरी करतो. मोटर किती वेगानं फिरेल हे हा उरलेला भाग ठरवतो.

आकडे घालून पाहू. गुंडाळीचा रेझिस्टन्स १५ ओहम, दिलेलं व्होल्टेज ६, करंट ८० मिलिअँपिअर. गुंडाळीत १.२ व्होल्ट गेले, वेगासाठी ४.८ उरले. आता टेपचा जोड हेडवरून गेला, किंवा रबरी रोलर जरा अडखळला, आणि करंट १०० मिलिअँपिअर झाला. गुंडाळीत दीड व्होल्ट गेले, उरले साडेचार. वेग ६ टक्के घसरला. काहीही नियंत्रण नसलेली मोटर एवढ्याशा अडथळ्यानं एक पट्टी खाली येते.

आता हीच मोटर निम्म्या वेगानं फिरवायची आहे. पहिला विचार सगळ्यांचा एकच असतो: मोटरच्या वायरीत एक पॉट, म्हणजे नॉबनं कमीजास्त होणारा रेझिस्टर, घालू. निम्म्या वेगासाठी साधारण ३० ओहम लागतात. ८० मिलिअँपिअरला एकूण ४५ ओहममध्ये ३.६ व्होल्ट गेले, वेगासाठी २.४ उरले. अडथळा आला, करंट १०० झाला, की ४.५ जातात आणि उरतात फक्त १.५. वेग ३७ टक्क्यांहून जास्त घसरला! रेझिस्टन्स वाढवून वेग कमी करणं म्हणजे मोटरची लोडपुढे टिकण्याची ताकदच काढून घेणं. इकोसाठी हा मार्ग पूर्णपणे बाद धरावा.

एलएम३१७ सारख्या रेग्युलेटरनं थेट व्होल्टेजच कमी केलं तर बरं. त्याच वेगासाठी मोटरला ३.६ व्होल्ट दिले, तर त्याच अडथळ्याला २.४ चे २.१ होतात, म्हणजे साडेबारा टक्के. पॉटपेक्षा कितीतरी चांगलं, पण तरी दोन पट्ट्या खाली. रेग्युलेटर मोटरला मिळणारं व्होल्टेज सांभाळतो. मोटर किती वेगानं फिरते आहे हे त्याला ठाऊकच नसतं.

पीडब्ल्यूएमची, म्हणजे करंट भराभर चालूबंद करून सरासरी कमी करण्याची पद्धत आज सगळ्यात लोकप्रिय आहे, कारण अर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, हाताशी असतो. वेग टिकवण्याच्या बाबतीत ती साध्या रेग्युलेटरपेक्षा सरस नाही, आणि इकोत तिचा एक खास त्रास आहे. वाचणाऱ्या हेडमधून येणारा सिग्नल मिलिव्होल्टच्या घरातला किंवा त्याहूनही लहान असतो, आणि हेड ही मुळात चुंबकीय बदल टिपणारी गुंडाळी आहे. अर्डुइनो उनोच्या बहुतेक पिनांवरचा पीडब्ल्यूएम मुळात ४९० हर्ट्झच्या आसपास चालतो. तो शेजारच्या मोटरमध्ये सोडला की भर गाण्याच्या पट्टीत एक भुणभुण हेडमध्ये शिरते, आणि मग तिचाही इको होतो. टायमर बदलून २० किलोहर्ट्झच्या वर गेलं तर ती ऐकू येत नाही. पण टेपवर लिहिताना लागणारा बायसचा सिग्नल ५० ते १०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. पीडब्ल्यूएमचा एखादा हार्मॉनिक, म्हणजे त्याच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचा सिग्नल, बायसच्या जवळ आला, तर दोघांच्या फरकाएवढी शीळ ऐकू येऊ शकते. बायस ६१ किलोहर्ट्झ आणि पीडब्ल्यूएम २० किलोहर्ट्झ असेल तर ती शीळ १ किलोहर्ट्झची, अगदी कानात घुसणारी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. टेप इकोत मोटर एका ऑप-अँपनं (व्होल्टेजमधला फरक वाढवणाऱ्या छोट्या चिपनं) आणि एका पॉवर ट्रान्झिस्टरनं साध्या पद्धतीनं, करंट चालूबंद न करता चालवावी. १२ व्होल्टमधले ८ ट्रान्झिस्टरवर जाळले तरी १०० मिलिअँपिअरला उष्णता ०.८ वॉट होते, छोट्या हीटसिंकवर भागतं. मोटरच्या टोकांवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावावा, ब्रशांची खरखर कमी होते. मोटरची ग्राउंड वायर प्रीअँपच्या ग्राउंडमधून न नेता थेट पॉवर सप्लायपर्यंत वेगळी न्यावी.

जुन्या डेकमधला खजिना

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुन्या कॅसेट डेकच्या मोटरी चाळायला मिळाल्या तर डबीसारख्या गोल मोटरवरचं लेबल वाचावं. '२४०० आरपीएम, १२ व्होल्ट' आणि फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, आणि मागे एक बारीक भोक असेल, तर ती घ्यावी. अशा मोटरीच्या पोटात वेग सांभाळणारं छोटं सर्किट असतं. भोकातून दिसतो तो त्याचा प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा छोटा पॉट.

हे सर्किट मोटरच्या करंटवर नजर ठेवतं. लोड वाढला, करंट वाढला, की गुंडाळीत जितकं जास्त व्होल्टेज खर्च होणार तितकंच ते वरून वाढवून देतं. आपल्या उदाहरणात करंट ८० चा १०० झाला तर ते ०.३ व्होल्ट आपणहून वाढवेल, आणि वेगासाठीचे ४.८ तसेच राहतील. सेन्सर नाही, चकती नाही, तरी वेग जवळपास स्थिर. बहुतेक घरगुती इकोंना एवढं पुरतं.

अशा मोटरला बाहेरून कमी व्होल्टेज देऊन वेग कमी करायला गेलं तर ती दाद देत नाही. १२ चे ९ केले तरी ती तशीच फिरते, कारण आतलं सर्किट नेमकं तेच काम करत असतं, आणि आणखी खाली नेलं की एकदम कोलमडते. तिचा वेग प्रीसेटवरच बदलावा लागतो. मागचं झाकण काढून प्रीसेटची किंमत मीटरनं मोजावी, तो काढून त्या जागेवरून वायरी बाहेर आणाव्यात, आणि तेवढ्याच किमतीचा पॉट लावावा. पॉटसोबत एक ठरावीक रेझिस्टर ठेवावा, म्हणजे वेग नको तिथपर्यंत जाणार नाही. या वायरी आखूड हव्यात. डबल डेकमध्ये दुप्पट वेगानं कॉपी करायची सोय असे. तिथल्या मोटरीला बऱ्याचदा चार वायरी असतात, दोन पॉवरच्या आणि दोन वेग ठरवण्याच्या. ती मिळाली तर झाकण उघडायचीही गरज पडत नाही.

हेच काम ऑप-अँपनं स्वतः करायचं असेल तर एक धोका ओळखून असावं. करंट वाढला की व्होल्टेज वाढवायचं, हा स्वतःलाच चढवणारा फीडबॅक आहे. भरपाई गुंडाळीच्या खऱ्या रेझिस्टन्सपेक्षा जास्त झाली तर मोटर झटके खायला लागते. नेमक्या रेझिस्टन्सच्या थोडं अलीकडे थांबावं.

सेन्सर लावायचा तर कुठे

याहून पुढे जायचं असेल तर वेग मोजूनच सांभाळावा लागतो. चकतीला खाचा पाडून एका बाजूला प्रकाश आणि दुसऱ्या बाजूला फोटो सेन्सर, किंवा चुंबक आणि हॉल सेन्सर. ठोके मोजायचे, हव्या असलेल्या वेगाशी ताडायचे, आणि फरकानुसार व्होल्टेज कमीजास्त करायचं.

सेन्सर मोटरवर लावण्याचा मोह टाळावा. मोटर आणि टेप यांच्यामध्ये रबरी बेल्ट असतो, तो ताणतो आणि किंचित घसरतो. मोटर अचूक फिरली म्हणून टेप अचूक चालेलच असं नाही. टेपला ओढते ती कॅपस्टन, म्हणजे रबरी रोलरला टेकलेली बारीक पोलादी दांडी. सेन्सर तिच्याच फ्लायव्हीलवर, म्हणजे तिच्यावर बसवलेल्या जड चाकावर हवा. कॅसेटच्या मेकॅनिझममध्ये कॅपस्टन साधारण २ मिमी जाडीची असते, आणि ४.७६ सेंमीच्या वेगाला ती सेकंदाला सुमारे ७.६ फेरे घेते. फ्लायव्हीलवर एकच चुंबक असेल तर सेकंदाला साडेसात ठोके मिळतील. एवढ्या विरळ ठोक्यांवर सेकंदाला चार वेळा होणारं डुलणं सावरता येत नाही. ६० खाचा असतील तर साडेचारशेच्या वर ठोके मिळतात. मात्र खाचा सारख्या अंतरावर नसतील तर सर्किट त्या चुकीलाच वेगातली चूक समजेल आणि टेपला मुद्दाम डुलवेल. हातानं कापलेल्या चकतीपेक्षा जुन्या प्रिंटरमधली एन्कोडर चकती बरी.

दुसरी गोष्ट, या नियंत्रणाला फार घाई असू नये. बेल्ट हा स्प्रिंग आहे आणि फ्लायव्हील हे वजन. मोटरनं दिलेला हुकूम फ्लायव्हीलपर्यंत उशिरा पोचतो. सर्किट उतावीळ असेल तर ते आधीच्या हुकुमाचा परिणाम दिसण्याआधी पुढचा हुकूम देतं, आणि सगळी यंत्रणा सेकंदाला काही वेळा पुढेमागे हेलकावे खाते. म्हणजे कानाला सगळ्यात जास्त खटकणाऱ्या जागी. मी तर नियंत्रण सेकंदाला एकाहून कमी बदलाच्या गतीवर ठेवायच्या बाजूचा आहे. हळू चुका सर्किटनं सावराव्यात, भरभर होणाऱ्या चुका फ्लायव्हीलवर सोडाव्यात.

काठी काढून घेतल्यावरही कुंभाराचं चाक फिरत राहतं, तसं जड फ्लायव्हील छोट्या अडथळ्यांना जुमानत नाही. पण त्यात साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग निम्मा झाला की ती चौथाईवर येते. म्हणून तोच इको वेगात असताना गुळगुळीत वाटतो आणि सावकाश चालवला की डुलायला लागतो.

हेडमधलं अंतर: फुकटात मिळणारी स्थिरता

इकोत आणि साध्या टेपरेकॉर्डरमध्ये एक मोठा फरक आहे. रेकॉर्डरमध्ये आवाज आज लिहिला आणि महिन्यानं वाचला जातो. इकोत दोन्ही कामं त्याच कॅपस्टनवर, काही क्षणांच्या अंतरानं होतात. सूर ढळतो तो लिहितानाचा वेग आणि वाचतानाचा वेग वेगळे असतील तेव्हाच. दोन्ही वेळी चूक सारखीच असेल तर ती ऐकूच येत नाही.

कॅपस्टन किंचित वाकडी आहे असं समजा. तिच्या एका फेऱ्यात टेप थोडी वेगात आणि थोडी सावकाश जाते. २ मिमीच्या कॅपस्टनचा परीघ ६.२८ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात टेप तेवढी पुढे जाते. हेडांमधलं अंतर ६.२८ च्या पूर्ण पटीत असेल, तर लिहिताना कॅपस्टन ज्या कोनात होती त्याच कोनात ती वाचतानाही असते. वेग तोच, म्हणून सूर जागेवर. अंतर मात्र अर्ध्या फेऱ्यावर पडलं, तर लिहिताना वेग जास्त आणि वाचताना कमी, आणि चूक दुप्पट होऊन ऐकू येते.

हाच न्याय रबरी रोलरला. त्याचा व्यास १२ मिमी असेल तर परीघ ३७.७ मिमी, आणि हा कॅपस्टनच्या परिघाच्या बरोबर सहापट आहे. म्हणजे हेड ३७.७ मिमीवर बसवलं तर कॅपस्टनचा आणि रोलरचा, दोघांचाही वाकडेपणा आपसात कटतो. तेच १८.८५ मिमीवर बसवलं तर कॅपस्टनचा कटेल, पण रोलरचा दुप्पट होईल. आणि यात वेगाचा संबंधच नाही: मोटर कितीही हळू किंवा जोरात फिरली तरी एका फेऱ्यात सरकणारी टेप तेवढीच असते. तुमच्याकडचा कॅपस्टन आणि रोलर व्हर्नियरनं मोजा आणि हेडची जागा त्यावरून ठरवा. सर्किटवर एक रुपया न घालता एवढी स्थिरता दुसऱ्या कशानं मिळत नाही.

बेल्टचा जोड किंवा टेपचं घसरणं या चुका अशा कटत नाहीत. त्यासाठी बेल्ट नवा, रोलर स्पिरिटनं पुसलेला आणि टेपचा जोड ४५ अंशात तिरका कापलेला हवा.

किती हळू जायचं

१० किलोहर्ट्झचा सूर प्रमाण वेगाला टेपवर पावणेपाच मायक्रॉन जागा घेतो. वेग निम्मा केला तर त्याला २.४ मायक्रॉनच मिळतात. ही लांबी हेडच्या फटीच्या जवळ गेली की हेड तो सूर वाचूच शकत नाही. म्हणून सावकाश चालणारा इको दबका, गडद वाटतो. हे अनेकांना आवडतं, मलाही. पण त्याच वेळी मोटर आणि फ्लायव्हील दोन्ही कमजोर झालेले असतात, आणि गडदपणासोबत डुलणंही येतं.

सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त वेगात तिप्पट फरक ठेवला की पुरे, समजा सेकंदाला ३ ते ९ सेंमी. ३७.७ मिमीवरच्या हेडला यातून ०.४२ ते १.२६ सेकंदांचा उशीर मिळतो. याहून लांब इको हवा असेल तर मोटर आणखी दमवू नये, ७५.४ मिमीवर दुसरं हेड बसवावं. पुलीचं प्रमाणही असं निवडावं की मधल्या वेगाला मोटर तिच्या लेबलवरच्या फेऱ्यांच्या आसपास फिरेल. नॉबच्या व्होल्टेजवर थोडा मोठा कपॅसिटर ठेवावा, म्हणजे नॉब झटकन फिरला तरी टेपला हिसका बसत नाही आणि मींडही सफाईदार येते.

मोजून पाहणं

एका चॅनलवर मूळ आवाज आणि दुसऱ्यावर फक्त इको असं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करावं. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. टिचकीसारखा आवाज सोडला की दोन टोकांमधलं अंतर म्हणजे उशीर, आणि हेडचं अंतर त्यानं भागलं की टेपचा खरा वेग. डुलणं ऐकायला फोनवरचा तानपुरा पुरेसा आहे. मूळ आवाज बंद, फीडबॅक शून्य, फक्त इको. आकडा हवा असेल तर ३१५० हर्ट्झचा सूर सोडावा, वॉव आणि फ्लटर मोजायला हाच वापरतात. तो ३१ हर्ट्झनं वरखाली होत असेल तर चूक १ टक्का. डुलण्याचे सेकंदाचे हेलकावे मोजले की गुन्हेगारही सापडतो: प्रमाण वेगाला ७.६ वेळा असेल तर कॅपस्टन, सव्वा वेळा असेल तर रोलर.

ही चाचणी मोटर गार असताना आणि अर्धा तास चालल्यावर अशी दोनदा करावी. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे गुंडाळी २५ अंशांनी तापली तर १० टक्के. भरपाईचा प्रीसेट गरम मोटरवर नेमका लावला, तर दुसऱ्या दिवशी गार मोटर झटके खाईल. म्हणून तो गार असतानाच, झटके थांबतात त्याच्या जरा खाली लावावा, तापल्यावर फ्लायव्हीलला बोट हलकं टेकवून वेग सावरतो का हे पाहावं, आणि मगच प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाकून तो पक्का करावा.